ब्रिजिडच्या विहिरीपासून मॉरिगनच्या गुहेपर्यंत : आयर्लंडमधले चार दिवस

पहिला दिवस, ३१ जानेवारी : किल्डेर

इम्बोल्क हा ब्रिजिड देवीचा सण १ फेब्रुवारीचा, पण जुन्या केल्टिक हिशोबात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून किल्डेरला ३१ तारखेच्या दुपारपर्यंत पोचायलाच हवं. या दिवसांत सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सव्वाआठला उगवतो. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडीने पाऊण तास. २०२३ पासून ब्रिजिडच्या दिवसाची सरकारी सुट्टी मिळते (साधारणपणे फेब्रुवारीचा पहिला सोमवार). त्यामुळे गावातल्या खोल्या लवकर भरतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

किल्डेर म्हणजे 'किल दारा', ओकच्या झाडापाशी असलेलं प्रार्थनास्थळ. ब्रिजिड इथे दोन रूपांत भेटते. एक ख्रिस्ती संत, पाचव्या-सहाव्या शतकातली, जिने इथे मठ उभारला. दुसरी तिच्याही आधीची देवी, दाग्दा या देवाची मुलगी. साधारण इ.स. ९०० च्या आयरिश शब्दकोशात तिच्याबद्दल लिहिलंय की ती कवींची देवी, आणि तिच्या दोन बहिणींचंही नाव ब्रिजिडच. एक वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. आजचे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवता मानणारे लोक, तिला मानतात ते या तिहेरी रूपात. या श्रद्धेला एक ग्रंथ नाही, दीक्षा घ्यायलाच हवी असं नाही, पुरोहित लागतोच असंही नाही. देवीशी नातं जुळतं ते काहीतरी हाताने करून : विणून, जाळ राखून, विहिरीला फेरी घालून. ग्रामदेवतेच्या जत्रेत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

गावच्या चौकात ब्रिजिडची ज्योत आहे. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या कॅथलिक जोगिणींनी ती पुन्हा पेटवली आणि २००६ पासून चौकातल्या स्मारकात ती तेवते. मूळ जाळाची जागा मात्र कॅथेड्रलच्या आवारात आहे. सुमारे ३३ मीटर उंच गोल मनोऱ्याजवळ दगडी चौकोनी पाया दिसतो, तो अग्निगृहाचा मानतात. कॅथेड्रल आणि मनोरा हिवाळ्यात सहसा बंद असतात, तेव्हा आतून बघायचं असेल तर उन्हाळ्यातच यावं.

बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्याने इथला नंदादीप पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र जाळ राखत. विसाव्या रात्री एकोणिसावी जोगीण लाकडं रचून ठेवायची, म्हणायची, "ब्रिजिड, आता तुझा जाळ तू राख, ही रात्र तुझी," आणि निघून जायची. सकाळी लाकडं जळालेली आणि जाळ तसाच. राख कधी वाढत नसे. भोवती कुंपण, पुरुषाने ते ओलांडायचं नाही. आणि जाळाला तोंडाने फुंकर घालायची नाही, वारा घालायचा तो भात्याने किंवा सुपाने. दिवा फुंकून विझवायचा नाही, शांत करायचा, हे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. तोच नियम आयर्लंडच्या गवताळ माळावर वाचायला मिळाला की आपल्याच आजीचा शब्द ऐकल्यासारखं होतं.

गावापासून दोनेक किलोमीटरवर टली नावाच्या भागात ब्रिजिडच्या दोन विहिरी आहेत. बरेच लोक जपानी बागेच्या वाहनतळाजवळची, रस्त्याकडेची विहीर बघून परततात. ती जुनी आहे, तिथेही थांबावं, पण मुख्य फेरी दुसऱ्या विहिरीची. छोट्या गल्लीने आत गेलं की हिरवळीचा एक तुकडा, ब्रिजिडचा कांस्य पुतळा, पाण्याचा बारीक ओहोळ आणि तो ज्यातून वाहतो ते दोन पोकळ दगड. त्यांना 'ब्रिजिडचे जोडे' म्हणतात. पुढे ओळीने पाच प्रार्थनाशिळा : भूमीची ब्रिजिड, समेट घडवणारी, चुलीची, बरं करणारी आणि ध्यानस्थ. प्रत्येकीपाशी थोडं थांबायचं, मग विहिरीला प्रदक्षिणा. दिशा सूर्याची, म्हणजे आपलीच, विहीर उजव्या हाताला ठेवून. आयरिशमध्ये या दिशेला 'देशल' म्हणतात. उलट्या दिशेला 'तुअहल', आणि ती अशुभ. उलटं फिरल्याचा परिणाम काय, ते तिसऱ्या दिवशी बॉइन नदीकाठी कळतं.

विहिरीपाशी चिंध्या बांधलेलं झाड आहे. चिंध्यादेवीचं झाड पाहिलेल्याला चित्र ओळखीचं. मात्र इथला विचार नीट समजून घ्यावा. कापडाची पट्टी विहिरीच्या पाण्यात भिजवायची, दुखणाऱ्या जागेला लावायची आणि फांदीला सैल बांधायची. कापड कुजत जाईल तसं दुखणं जाईल, ही त्यामागची समजूत. म्हणून कापड सुती, लोकरी किंवा तागाचंच हवं. आम्ही गेलो तेव्हा झाडावर नायलॉनच्या रिबिनी, प्लास्टिकच्या माळा, केसांची रबरं लटकत होती. ती कुजत नाहीत, म्हणजे नवसही सुटत नाही, आणि फांदी जाड होताना घट्ट गाठ सालीत रुतून ती वाळते. जुन्या सुती लुगड्याची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी घरून नेली तर उत्तम. विहिरीत नाणी टाकू नयेत, धातूने पाणी खराब होतं.

संध्याकाळी कंदील घेऊन लोक जमले. पेगन किती आणि कॅथलिक किती, हे कपड्यांवरून सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारतही नव्हतं. लोकरी टोपी घातलेल्या एक आजी जपमाळ ओढत, दुसऱ्या हातात रिकामी बाटली धरून उभ्या होत्या. शेजारी ओकच्या पानांचा मुकुट घातलेली तरुण मुलगी. आजींनी बाटली भरली, मुलीच्या तळहातावर थोडं पाणी ओतलं आणि आपल्या वाटेने गेल्या. ब्रिजिडला अर्पण काय करायचं असा प्रश्न पडतो. ती कवींची देवी आहे, तिला शब्द चालतात. आमच्यातल्या एकीने जात्यावरची ओवी म्हटली. मागचे लोक गप्प झाले, आणि ओवी संपल्यावर एका गृहस्थांनी ती पुन्हा म्हणायला लावली.

रात्री जेवणात कोलकॅनन. उकडलेला बटाटा गरम असतानाच कुस्करून त्यात वाफवलेला केल किंवा कोबी, पातीचा कांदा घातलेलं गरम दूध आणि मीठ. वाढताना मधे खड्डा करून त्यात लोणी, आणि प्रत्येक घास त्या लोण्यात बुडवून. दूध गार घातलं की बटाटा चिकट होतो. मांसाहार न करणाऱ्याला या सणात उपाशी राहावं लागत नाही, कारण सणच दुधालोण्याचा. इम्बोल्कचं जुनं रूप 'ओइमेल्क'. वर आलेल्या इ.स. ९०० च्या शब्दकोशात त्याचा अर्थ मेंढीच्या दुधाशी जोडलाय, मेंढ्यांना पान्हा फुटतो तो काळ.

झोपण्याआधीचं एक काम. 'ब्रॅत ब्रीदे', म्हणजे ब्रिजिडचा शेला. सुती किंवा लोकरीचा रुमालाएवढा तुकडा सूर्यास्ताआधी घराबाहेर झुडपावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. त्या रात्री ब्रिजिड गावातून जाते आणि त्याला स्पर्श करते. पहाटे तो आत आणायचा. डोकेदुखीला कपाळावर बांधतात, पूर्वी बाळंतिणीला आणि अडलेल्या गाईलाही लावत. दरवर्षी तोच कपडा बाहेर ठेवायचा, जितका जुना तितका गुणकारी. फेब्रुवारीतला वारा लक्षात घेऊन दोन लाकडी चिमटे लावावेत. शेजारच्या खोलीतल्या बाईंचा शेला सकाळी रस्त्यापलीकडच्या कुंपणात सापडला. पावसात भिजला तर घरातच पसरून वाळवावा, मशीनमध्ये टाकू नये.

दुसरा दिवस, १ फेब्रुवारी : लव्हाळ्याचा क्रॉस

दिवसभर रिमझिम. बाहेर पडण्यापेक्षा विणायला बसायचा दिवस. आयर्लंडच्या उत्तर भागातल्या जुन्या चालीप्रमाणे सणाच्या आदल्या रात्री घरातली मुलगी लव्हाळ्याची मोळी घेऊन दाराबाहेर उभी राहते आणि हाक देते : गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतून उत्तर येतं, तिचं स्वागत असो. तीनदा हाक, तीनदा उत्तर, मग दार उघडतं. ज्येष्ठा गौरी घरात येताना उंबऱ्यावर होणारा सवालजवाब ज्यांनी केलाय, त्यांना इथे भाषांतर लागत नाही.

क्रॉस विणायला हिरवं, ओलं लव्हाळं लागतं. ते कापत नाहीत, बुडाशी धरून सरळ वर उपटतात. पांढरं टोक निघालं म्हणजे बरोबर उपटलं. एका क्रॉसला १६ ते २८ काड्या, प्रत्येकी साधारण ३० सेंटीमीटर. कृती अशी :

एक काडी उभी धरा. दुसरी काडी मधोमध दुमडून उभ्या काडीच्या मध्यावर अडकवा, तिची दोन्ही टोकं उजवीकडे. मध्य डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरवा, म्हणजे टोकं वर जातील. आता तिसरी काडी दुमडून वर गेलेल्या सगळ्या काड्यांभोवती घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळण, पुन्हा नवी काडी. प्रत्येक वेळी नवी काडी आधीच्या काडीला चिकटून मध्याकडे ओढायची. मधला चौकोन तळहाताच्या मध्याएवढा झाला की थांबायचं. चारही हातांची टोकं बांधून कापून सारखी करायची.

बिघडतं कुठे? अंगठा सैल पडला की मधला चौकोन डायमंडसारखा वाकडा होतो. तो नंतर सरळ होत नाही, तीन-चार काड्या उसवून पुन्हा घालाव्या लागतात. वळणाची दिशा मधेच बदलली तर एका बाजूला दोन थर आणि दुसरीकडे भोक. काडी दुमडताना तुटली तर ती सुकलेली आहे. कोमट पाण्यात बुडवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की पुन्हा लवते. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाठ एकदाच बांधणं. लव्हाळं वाळताना आकसतं, आठवड्याभरात हात गळून पडतात. म्हणून आधी रबरबँड, वाळल्यावर दोरा.

शिकवणाऱ्या बाईंचे हात बघण्यासारखे होते. नखांच्या कडा हिरव्या, अंगठ्याच्या पेरावर काडी घासून पडलेली आडवी चकाकती रेघ. त्या बोलत होत्या शेजारणीशी आणि काड्या आपल्याआप फिरत होत्या. तीन हातांचाही क्रॉस असतो, तो पूर्वी गोठ्यात लावत. घरचा चार हातांचा दाराच्या वर किंवा आढ्याला, आगीपासून राखण म्हणून.

तिसरा दिवस : टारा, बॉइन आणि लॉक्रू

इथून पुढे गाडी भाड्याने घेणं बरं, बस जोडत बसलं तर दिवस जातो. वाहन डावीकडूनच चालवतात, तेवढी सोय. गावाबाहेर पडताच 'करा' (Curragh) नावाचं मोकळं माळरान लागतं. लाइन्स्टरच्या राजाने ब्रिजिडला तिच्या शेल्याखाली मावेल एवढीच जमीन देऊ केली, आणि शेला पसरत पसरत हा सगळा माळ झाकून गेला, अशी कथा. मेंढ्या आजही तिथे मोकळ्या चरतात.

टारा या जुन्या आयरिश राजांच्या टेकडीवर पहाटेच पोचावं. प्रवेश खुला, तिकीट नाही. तिथला 'ओलिसांचा ढिगारा' म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीची मार्गिका-समाधी, आत अरुंद दगडी वाट असलेलं टेकाड. मार्गिका जेमतेम चार मीटर, पण तोंड असं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे इम्बोल्क आणि साउन या दोन सणांच्या आसपास, उगवतं ऊन आत शिरतं. चार-पाच दिवस हे दिसू शकतं, तेव्हा १ तारीख ढगात गेली तरी हिरमुसू नये. दार जाळीचं, बाहेरूनच बघायचं. आम्हाला ढगांच्या फटीतून दोन मिनिटं ऊन मिळालं. डावीकडच्या दगडावरची कोरीव वर्तुळं तेवढ्या वेळात पिवळी झाली आणि पुन्हा राखाडी. टारावर राजाचा राज्याभिषेक म्हणजे भूमीदेवीशी लग्न मानत. राजा वाईट निघाला तर पीक बुडतं, कारण बायको रुसते. गवत ओलं आणि उतार निसरडा, साधे स्पोर्ट्स शूज इथे निरुपयोगी.

न्यूग्रेंज या बॉइनकाठच्या भल्यामोठ्या मार्गिका-समाधीबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात : तिकीट आधीच काढा, आणि आत गेल्यावर २१ डिसेंबरच्या सूर्योदयाचा उजेड कसा आत शिरतो त्याचा प्रयोग दिव्याने दाखवतात तो चुकवू नका. आम्ही जास्त वेळ नदीकाठी घालवला. बॉइन नदी म्हणजे देवी बोअन. नेख्टनच्या निषिद्ध विहिरीजवळ जाऊन तिने उलटी, तुअहल प्रदक्षिणा घातली. पाणी उसळलं, तिचा एक डोळा, एक हात, एक पाय गेला, आणि ती समुद्राकडे धावली ती वाट म्हणजे ही नदी. काही जण याला शिक्षेची गोष्ट म्हणतात. मला ती तशी वाटत नाही. विहिरीत कोंडलेलं पाणी तिच्यामुळे सगळ्या प्रदेशाला मिळालं. इथले पेगन तिला दूध वाहतात, पण काठावरच्या मातीत, दोन थेंब. लिटरभर दूध पाण्यात ओतणं ही भक्ती नाही.

दुपारी ओल्डकॅसलजवळची लॉक्रूची टेकडी, श्लीव्ह ना कॅली, म्हातारीचा डोंगर, २७६ मीटर. कॅलिअख ही हिवाळ्याची म्हातारी देवी. पदरात दगड घेऊन ती टेकडीवरून टेकडीवर उड्या मारत गेली, दगड सांडले ते हे समाधीचे ढिगारे, आणि शेवटच्या उडीत ती पडून मेली. वाहनतळापासून वर जायला अर्धा तास लागत नाही, पण शेवटचा चढ उभा आणि वारा असा की टोपी बांधूनच ठेवावी. 'केर्न टी' या मुख्य समाधीत हल्ली जाता येत नाही, जाळीतून बघावं लागतं. २१ मार्च आणि २१ सप्टेंबरच्या सुमारास सूर्योदयाचं ऊन मागच्या कोरीव शिळेवर पडतं. उत्तर बाजूला म्हातारीची खुर्ची आहे, खुर्चीसारखाच भलामोठा दगड. तिथे बसून मागणं मागतात.

आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेल शेतकऱ्यांची एक समजूत अशी की १ फेब्रुवारीला म्हातारी सरपण गोळा करते. दिवस उघडा असला तर तिला भरपूर लाकूड मिळतं आणि हिवाळा लांबतो. दिवस खराब म्हणजे ती झोपली, थंडी सरत आली. आदल्या दिवशीच्या रिमझिमीचं समाधान इथे झालं.

एक विनंती. समाधीच्या शिळांजवळ टी-लाइट मेणबत्त्या लावू नका. उष्णतेने दगडाचा पापुद्रा सुटतो, मेण कोरीव रेषांत बसतं आणि निघता निघत नाही. पाच हजार वर्षं टिकलेली रेघ एका संध्याकाळच्या भक्तीने जाते. आम्ही वर गेलो तेव्हा खुर्चीखाली तीन ॲल्युमिनियमच्या वाट्या सापडल्या, त्या पिशवीत घालून खाली आणल्या.

चौथा दिवस : मॉरिगनची गुहा

रोसकॉमन परगण्यातला रॅथक्रोअन. आयरिश पुराणकथांतल्या राणी मेव्हची राजधानी मानली जाणारी ही जागा, परिसरात २४० हून अधिक प्राचीन अवशेष, आणि वरून बघितलं तर नुसती कुरणं. टल्स्क गावातल्या केंद्रात आधी जावं आणि गुहा मार्गदर्शकाबरोबरच करावी. ती शेतजमिनीत आहे आणि पाऊस जास्त झाला की आत पाणी साचतं.

ओवेनागॅट, मांजरांची गुहा. साउनच्या रात्री इथून परलोकाची दारं उघडतात. मध्ययुगीन पाद्र्यांनी हिला आयर्लंडचं नरकद्वार म्हटलं. युद्धाची आणि भाकिताची देवी मॉरिगन इथली. ओद्रस नावाच्या बाईची गुरं मॉरिगनने पळवली. ओद्रस माग काढत इथवर आली, वाटेत झोपली, आणि देवीने तिचं पाण्याचं तळं करून टाकलं. ब्रिजिडकडे जाताना जे मन असतं ते घेऊन इथे जाता येत नाही.

तोंड झुडपाखाली, गुडघ्याएवढ्या उंचीचं. आत शिरताना वर बॅटरी मारा. छताच्या दगडावर ओगम लिपीच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात, 'फ्रोख, मेव्हचा मुलगा' याच्या नावाच्या. पहिले काही मीटर माणसांनी रचलेले, मग चुनखडीतली नैसर्गिक भेग, एकूण लांबी सुमारे ३७ मीटर. सुरुवातीला पोटावर किंवा पाठीवर घसरत जावं लागतं, पुढे उभं राहता येतं. गमबूट, जुनी पँट, हेल्मेटवरची बॅटरी हवी. हातातली बॅटरी चालत नाही, दोन्ही हात लागतात. बरेच लोक घसरतात ते परत येताना, कारण चिखल जाताना सगळ्यांच्या बुटांनी मळून ठेवलेला असतो. बंद जागेची भीती असलेल्याने पहिल्या वाकड्या वळणाआधीच सांगावं, मागे वळायला तिथेच जागा आहे.

तळाशी सगळ्यांनी बॅटऱ्या बंद केल्या. डोळे उघडे आणि मिटलेले यात फरक राहिला नाही. छतावरून थेंब पडत होते, एक जवळ, एक लांब. मार्गदर्शकाने काहीच सांगितलं नाही, मंत्र नाही, गोष्ट नाही. पाच मिनिटांनी कोणाच्या तरी श्वासाचा आवाज मोठा झाला आणि त्याने दिवा लावला. बाहेर आल्यावर गवताचा हिरवा रंग डोळ्यांना सोसेना.

जवळच्या गावात सोडा ब्रेड आणि बटाट्याचं सूप. ब्रेडला यीस्ट नसतं, ताक आणि खाण्याचा सोडा, म्हणून तो त्याच दिवशी खावा.

घरी आल्यावर

हे नातं घरीही राखता येतं. आज जगभर लोक एकोणीस-एकोणीस जणांचे गट करून ज्योत राखतात. प्रत्येकाला वीस दिवसांतून एक पाळी, सूर्यास्त ते सूर्यास्त. भारतातल्या माणसाने आपल्या गावचा सूर्यास्त धरायचा. समईत किती तेल किती तास पुरतं ते आधी एका मोकळ्या दिवशी मोजून घ्या, आणि मधे तेल घालायला किती वाजता उठायचं ते ठरवा. घरात कोणी नसताना उघडी ज्योत ठेवायची नाही. कामावर जाताना ती शांत करायची आणि परतल्यावर पुन्हा लावायची, यात खंड मानत नाहीत. विझवताना फुंकर नाही. सुटी हवी असेल तर पाळी दुसऱ्याला द्यावी, विसाव्या दिवशी ढकलू नये, तो दिवस ब्रिजिडचा. त्या दिवशी नवी वात आणि तेल घालून समई तयार ठेवायची, आणि काडी न ओढता झोपायला जायचं.